हिरवं ग्रीस

३ फेब्रुवारी, सोमवार

हिरवं आलं! विचारलं कुणाला? कुणालाच नाही. सकाळी चाकांच्या खोलीत पाऊल टाकलं तर लाल ग्रीसचा पिंप गायब. त्याच्या जागी हा नवा, हिरवा, झाकणावरचं प्लॅस्टिकसुद्धा अजून निघालं नव्हतं. भिंतीवर कागद — "आजपासून मुख्य चाकांच्या बेअरिंगमध्ये हेच वापरावे." खाली तांत्रिक विभागातल्या चष्मेवालीची सही. वय काय तिचं? अठ्ठावीस? नोकरीला लागून सहा महिने झालेले नाहीत, अजून कायम झालेली नाही, आणि एकोणीस वर्षं ज्या ग्रीसवर मी विमानांची चाकं बांधली ते हिनं एका कागदानं बाद केलं!

नंदीला विचारलं, तुला माहीत होतं? त्यानं मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते त्याचं त्याला ठाऊक. उगाच नाही सगळे त्याला नंदी म्हणत. चाकांच्या खोलीत आम्ही दोघंच, आणि बोलणारी मी एकटी.

तशीच साहेबांकडे गेले. "ताई, पुस्तकातल्या यादीत आहे ना ते? मग झालं तर." म्हटलं, यादीत दोन्ही आहेत, दोन्ही चालतात, पण जे बिनबोभाट चाललंय ते बदलायचं कशाला? म्हणाले, बघू. साहेबांचं "बघू" म्हणजे विषय संपला.

४ फेब्रुवारी

चष्मेवाली स्वतः खाली आली. लाल ग्रीस बनवणारे ते बंद करताहेत म्हणे. हिरवं पाण्यात जास्त टिकतं म्हणे. "ताई, तुम्हाला आधी विचारायला हवं होतं. चुकलंच माझं." चुकलंच म्हणे! चुकून झाल्यावर गोड बोलायला काय जातं?

मग मीच तिला शिकवलं. म्हटलं, हे बघ, लाल आहे माती-जातीचं, हिरवं साबण-जातीचं. दोन्ही आपापल्या जागी सोन्यासारखी. पण एकत्र आली की एकमेकांची पकड सोडवतात, पाणी पाणी होतं, आणि सीलच्या कडेनं गळून जातं. मग बेअरिंग कोरडं. विमान उतरतं तेव्हा थांबलेलं चाक एका झटक्यात गरगर फिरायला लागतं, कोरडं बेअरिंग तापतं, आणि अडकलं तर काय होतं ते मला विचारू नकोस. म्हणून आता चाकाच्या मधला प्रत्येक हब, प्रत्येक ब्रश, ग्रीस भरायची प्रत्येक गन धुवून घ्यावी लागेल. घेशील तू?

ती वहीत लिहून घेत होती. मी बोलतेय आणि ही टिपून घेतेय, जशी काही मी कोर्टात उभी आहे!

६ फेब्रुवारी

तीन दिवस नुसतं धुणं. गन उलटी करून धुतली, ब्रश फेकून नवे आणले, कपाटाचे कप्पे पुसले. लालचा एक थेंब शिल्लक ठेवला नाही. नंदी दोनदा म्हणाला, ताई, बास झालं की. म्हटलं, बास काय बास? एक ठिपका राहिला तर उद्या सही माझी असते, तुझी मान नाही चालत तिथे.

घरी आले तर हे त्यांच्या शिलाई मशीन दुरुस्तीच्या कामाला बसलेले. गिऱ्हाइकाच्या मशीनला ज्या बुधलीतलं तेल, दाराच्या बिजागरीलाही त्याच बुधलीतलं. माझं डोकं आधीच तापलेलं. दहा मिनिटं बोलले. हे शांतपणे म्हणाले, "अगं, दार काही उडणार नाहीये." धाकटी लेक इतकी हसली की तिला ठसका लागला.

७ फेब्रुवारी

हिरव्याला वास नाही. ज्याला वासच नाही त्याचा भरवसा काय!

२० फेब्रुवारी, गुरुवार

सांगितलं होतं! सांगितलं होतं! सांगितलं होतं!

दुपारी बाहेर विमानांपाशी काम करणाऱ्यांचा फोन — डाव्या चाकाच्या हबमधून काहीतरी ओघळलंय. चाक काढून आणलं. सील उघडलं तर आत ग्रीस नाहीच, तपकिरी पाणी. चमच्यानं उचलायला गेले तर चमच्यावरून निसटलं. सतरा दिवसांत हिरवं जळून तपकिरी! आणि हे म्हणे जास्त टिकतं!

बेअरिंगला काही झालेलं नाही, वेळेवर दिसलं म्हणून. पण लाल असतं तर ही वेळ आली असती का? चष्मेवालीला खाली बोलावून तो चमचा तिच्या नाकाखाली धरला. पांढरीफटक पडली. म्हणाली, "ताई, असं व्हायला नको होतं." व्हायला नको होतं तर केलंस कशाला?

तिनं त्यातलं थोडं बाटलीत भरून प्रयोगशाळेला पाठवलं. अहवाल यायला महिना. तोवर काय करायचं, आरती ओवाळायची त्या पिंपाची?

२६ फेब्रुवारी

आणखी दोन. दोन्ही तसंच — तपकिरी, पातळ. साहेब म्हणाले, बघू.

जेवताना धाकटी म्हणाली, "आई, तू त्या ग्रीसबद्दल जेवढं बोलतेस ना, तेवढं माझ्या दहावीबद्दल कधी बोलली नाहीस." म्हटलं, तुझ्या दहावीवर शंभर माणसं बसून उतरत नाहीत. बोलून गेले आणि वाईट वाटलं. पण माघार घेतली नाही.

५ मार्च, बुधवार

आज कहर झाला.

चष्मेवाली हातात रजिस्टर घेऊन आली. आधी तब्येतीची चौकशी, मग पाणी प्यायली, मग हळूच — "ताई, ही गळलेली चारही चाकं कुणी बांधली होती?" चौथं सोमवारी निघालं होतं. म्हटलं, मी. खाली सही दिसत नाही का? तर म्हणते, "हो, म्हणजे… नंदीभाऊंचं एकही गळलं नाही. पिंप तर एकच आहे. म्हणून विचारलं."

म्हणून विचारलं! चोराच्या उलट्या बोंबा ऐकल्या होत्या, आज समोर पाहिल्या. ग्रीस हिनं आणलं, कागद हिनं चिकटवला, आणि बोट माझ्याकडे! माझ्या हाताखाली शिकून गेलेले लोक आज कुठे कुठे प्रमुख होऊन बसलेत. मास्तरांनी मला हे काम शिकवलं तेव्हा ही पोर दप्तर घेऊन शाळेत जात असेल.

वर आणखी काय तर — "एक दिवस मी इथे बसून तुम्ही चाक कसं बांधता ते पहिल्यापासून शेवटपर्यंत बघू का? मध्ये बोलणार नाही." म्हटलं, बघायचं असेल तर सिनेमाला जा. आणि दार दाखवलं. नंदी खाली मान घालून नट पुसत बसला होता.

६ मार्च

रागानं झोप लागली नाही. सकाळी चहा घेताना यांनी विचारलं, "पण नंदीची का गळत नाहीत गं?" यांनीसुद्धा! घरचाच आहेर. म्हटलं, नशीब एकेकाचं. दुसरं काय सांगणार?

७ मार्च

तक्रार लिहिली. तोंडी नाही, लेखी. पानभर. "तांत्रिक विभागाने अनुभवी कर्मचाऱ्यांना न विचारता, केवळ कागद वाचून वंगण बदलले, त्यामुळे चार चाके निकामी झाली, पुढे जीवितहानी झाल्यास जबाबदार कोण?" वाचून यांनी कपाळावर हात मारला. "थोडं पाणी घालून लिही. पोरीची नोकरी जाईल." म्हटलं, ग्रीसमध्ये पाणी झालंय तेवढं पुरे आहे.

दिली साहेबांच्या हातात. या वेळी "बघू" म्हणाले नाहीत.

१० मार्च, सोमवार

चौकशी लागली. एकवीस तारखेला. तोवर चष्मेवालीला तिच्या टेबलावरून उठवून जुन्या कागदांच्या खोलीत बसवलंय — कामाची कार्डं वर्षवार लावायला. खिडकी नाही त्या खोलीला. पंखा आहे, तो आवाज जास्त करतो, वारा कमी.

नंदी आज चक्क आपणहून बोलला. "तिची नोकरी पुढच्या महिन्यात कायम व्हायची होती. आता होत नाही." आणि माझ्याकडे बघत राहिला. म्हटलं, माझ्याकडे काय बघतोस? मी सांगितलं होतं का तिला, हिरवं आण म्हणून?

बरंच झालं. जशी करणी तशी भरणी.

दुपारी त्या खोलीवरून गेले. दार उघडं होतं. जमिनीवर बसलेली, भोवती कार्डांचे गठ्ठे, चष्मा डोक्यावर. मला बघून उठून उभी राहिली. मी थांबले नाही.

१४ मार्च

पाचवं गळलं. कँटीनमध्ये सगळे माझ्याच बाजूचे. "ताईंनी पहिल्याच दिवशी ओळखलं होतं!" हो, ओळखलं होतं. एकोणीस वर्षं काय झोपा काढल्या? रंगकामवाला म्हणाला, ताई, एकवीसला तिची चांगली जिरवा. कुणास ठाऊक का, पण ते ऐकून घास गोड लागला नाही.

१८ मार्च, मंगळवार

आज सकाळी माझ्या बाकावर पाकीट होतं. आत एक तक्ता आणि चिठ्ठी — "ताई, एकदा बघा. चूक असेल तर तोंडावर सांगा."

म्हटलं, सांगतेच! जेवणाची सुट्टी झाल्यावर घरी निघून आले, यांच्या हिशेबाच्या डब्यातला लाल पेन घेतला आणि बसले. एकेक ओळ खोडून काढायची, शुक्रवारी सगळ्यांसमोर वाचून दाखवायची, हा बेत.

तक्ता म्हणजे नुसती आमचीच कार्डं. साहेबांनी शिक्षा म्हणून जिथे कोंडलं तिथेच तिला ती मिळाली! हिरवं आल्यापासून बांधलेलं प्रत्येक चाक. कुणी बांधलं. बेअरिंग धुतलं कधी. ग्रीस भरलं कधी. गळलं की नाही. नंदीची अकरा, माझी पंधरा. चूक शोधत होते, सापडत नव्हती. तारखा माझ्याच हातच्या.

माझ्या पंधरांतली सहा चाकं अशी की ज्या दिवशी बेअरिंग धुतलं त्याच दिवशी भरलं. एकही गळलेलं नाही. नऊ अशी की आज धुतलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी भरलं. त्यातली पाच गळली. चार अजून विमानांना लागलेली आहेत. नंदी मात्र संध्याकाळी बेअरिंग धुण्याच्या सॉल्व्हंटमध्येच बुडवून घरी जातो आणि सकाळी पुन्हा धुतो — आळशी मेला, शंभरदा ओरडलेय त्याच्यावर. त्याचं एकही गळलेलं नाही.

तळाला तिनं पेन्सिलीनं लिहिलं होतं — "दुसऱ्या दिवसापर्यंत राहिलेल्या बेअरिंगचं मध्ये काय होतं?"

मी पेन उचलला, लिहायला, की काही होत नाही, मी ती उघडी टाकत नाही, मी त्यांना…

आणि तिथेच हात थांबला.

मी त्यांना ग्रीस लावून ठेवते! मास्तरांची शिकवण. धुतलेलं पोलाद उघडं ठेवायचं नाही, बोटाचा घाम लागला तरी गंज चढतो. बाकाखाली एक चपटा डबा आहे, त्यात तीन बोटं बुडवायची, बेअरिंगच्या सगळ्या रोलरवरून फिरवायची, कागदात गुंडाळायचं आणि घरी जायचं. सकाळी त्यावरच पिंपातलं भरायचं. डब्यात काय असतं? लाल. एकोणीस वर्षं लालवर लाल भरत आले, काय बिघडणार होतं? आणि फेब्रुवारीत कपाटाचे कप्पेसुद्धा पुसले मी, पण तो डबा नाही धुतला. दिसलाच नाही. दीड महिना या वहीत ग्रीस ग्रीस म्हणून ऊर बडवतेय, त्या डब्याचा एका अक्षरानं उल्लेख नाही. रोज दात घासले असं कुणी लिहितं का? माझ्या लेखी ते ग्रीस नव्हतंच. ती शिस्त होती.

लाल आणि हिरवं मिसळलं की तपकिरी होतं. चित्रकलेच्या तासाला बसलेल्या पोरालाही कळेल. मी चमचा तिच्या नाकाखाली धरला होता.

माती-जातीचं आणि साबण-जातीचं एकत्र आणू नये. तिला कुणी शिकवलं? मीच. तोंड वर करून!

धाकटीनं विचारलं, आई, रडतेस का? म्हटलं, पेन संपलाय.

१९ मार्च

गेले नाही. पोट दुखतंय म्हणून कळवलं. पोट दुखत नाहीये.

२० मार्च, गुरुवार

आजही गेले नाही. दिवसभर पलंगावर बसून स्वतःशी वकिली केली. लगेच काही होत नाही, आधी ओघळ दिसतो, बाहेरचे लोक रोज चाकं बघतातच. महिनाअखेर अहवाल येईल, त्यात आपोआप निघेल. नाहीतर डबा गुपचूप धुवून टाकावा, पुढची चाकं नीट होतील, कुणाला कळणार? इतका नीच विचार माझ्या डोक्यात येऊ शकतो हे मला आज कळलं. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर मी त्याला हँगरभर फरफटत नेलं असतं!

चार चाकं. दोन विमानं. दिवसाला किती उतरणी होतात ते मला बोटांवर मोजायची गरज नाही.

संध्याकाळी हे शेजारी येऊन बसले. पोटाबद्दल काही विचारलं नाही. सगळं सांगितलं. मला वाटलं म्हणतील, जाऊ दे, माणूस आहेस. यांनी फक्त विचारलं, "ती चाकं आत्ता कुठे आहेत?"

म्हणून आत्ता साहेबांना फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. नाही. मग नंदीला लावला, तो आज सुटीवर होता. त्याला सगळं सांगितलं. मग म्हणाला, "ताई, सकाळी सहाला पोचतो. जॅक तयार ठेवतो." हा माणूस बोलतो तेव्हा नीट बोलतो.

२१ मार्च, शुक्रवार

सहाला पोचलो तर दोन्ही विमानं उडालेली. साहेब आले ते हसतमुख. "या ताई! चौकशीची गरजच उरली नाही. तिनं सकाळीच लिहून दिलं, वंगणाची निवड माझी, चूक माझी. मीही म्हटलं, अनुभवाचं चांगलं पत्र देतो, शांतपणे जा. लालचा पिंप परत मागवतोय. खूश?" तिच्या सहीचा कागद टेबलावर होता, ती दाराशी उभी; दोन दिवस माझ्या उत्तराची वाट बघून तिनं हार मानली असणार. मी बाकाखालचा तो चपटा डबा त्याच्यावर आपटला आणि सगळं सांगितलं, तिच्यासमोर. साहेब दार लोटून घेत म्हणाले, "हळू बोला! मिटलंय ना सगळं, आता कशाला उकरताय?" मी ओरडले, "मिटलंय काय! चार चाकं वर आहेत, माझ्या सहीची! तो कागद फाडा आणि दोन्ही विमानं थांबवा!"

साडेअकराला पहिलं उतरलं. नंदीनं जॅक लावला, चाक मी काढलं, चष्मेवाली बॅटरी धरून शेजारी उभी. सीलमागे तपकिरी पाणी, आणि आतले रोलर तापून निळे पडलेले. मी तिथेच जमिनीवर बसले. म्हटलं, बोल गं मला काहीतरी. तिनं बॅटरी दुसऱ्या हातात घेतली आणि म्हणाली, "ताई, उठा. अजून तीन राहिलीत."